नानांचा बंदीकाळ

इंदूरच्या रामबागेत कुणाला भरतीची वेळ हवी असेल, तर ती नानांकडे मिळते. आजवर ती कुणाला हवी झालेली नाही, ही गोष्ट वेगळी. इंदूर पडलं माळव्याच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंच. समुद्र बघायचा तर एक रात्र अवंतिका एक्सप्रेसमध्ये काढावी लागते. तरी रोज सकाळी नाना कालनिर्णयात तिथी बघतात आणि लहानपणी घोकलेली पाऊणकी म्हणतात. "आज अष्टमी. आठ पाऊणे सहा. म्हणजे दाभोळला सहाला पूर्ण भरती." तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा कोकण किनाऱ्यावरचा जुना हिशेब. पोह्यांवर शेव पेरता पेरता काकू विचारतात, "आणि आपला नळ कधी येणार?" ते नानांना सांगता येत नाही. नळ चंद्रावर चालत नाही.

नाना मासेमारीचे शौकीन आहेत. मासे ते खात नाहीत, घरात शिजूही देत नाहीत. त्यांनी मासा पकडल्याचंही कुणी पाहिलेलं नाही. मग उरतं काय, असं तुम्ही विचाराल. नियम उरतात. गळ टाकून मासे धरायचे कायदे, पोटकायदे, बंदीचे महिने, माशाची किमान लांबी, परवाना कुणी द्यायचा आणि कुणी तपासायचा, हे सगळं नानांना तोंडपाठ आहे. माणसं गाण्याची शौकीन असतात तसे नाना मनाईहुकुमांचे शौकीन आहेत. सारी नोकरी सरकारी कचेरीच्या आवक-जावक विभागात झाली. तिथे येणाऱ्या प्रत्येक कागदाला क्रमांक पडल्याशिवाय तो अस्तित्वातच येत नसे. माशाबद्दलही नानांचं मत साधारण असंच आहे.

त्यांची एक फाइल आहे. पुठ्ठ्याची, लाल नाडीची, वर देवनागरीत 'मत्स्याखेट' असं लिहिलेली. पहिलाच कागद १८९७चा इंडियन फिशरीज अ‍ॅक्ट. त्यामागे मध्यप्रदेशचा १९४८चा कायदा, मग १९७२चे नदी-मत्स्योद्योग नियम, आणि मग महाराष्ट्राचा १९८१चा सागरी मासेमारी नियमन कायदा. "आपण महाराष्ट्रात राहत नाही ना?" असं एकदा मी म्हणून बघितलं. "पण कधी गेलो तर?" नाना म्हणाले. मुंबईला पवईच्या तलावावर गळवाल्यांची जुनी संघटना आहे, महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन. तिच्याबद्दल नाना ज्या आवाजात बोलतात त्या आवाजात इतर इंदूरकर फक्त अहिल्याबाईंबद्दल बोलतात.

इतिहासात तर त्यांना थांबवणं कठीण. मासेबंदीचा पहिला हुकूम त्यांच्या मते सम्राट अशोकाचा. आणि ते खरंही आहे: पाचव्या स्तंभलेखात चातुर्मासी पौर्णिमांना, त्यांच्या आदल्या-दुसऱ्या दिवशी आणि उपोसथाच्या दिवशी मासे मारू नयेत आणि विकूही नयेत असं कोरून ठेवलंय. "विकूही नयेत! बघ. फक्त मारू नये म्हटलं असतं तर लोकांनी आदल्या दिवशी मारून ठेवले असते. पळवाट बुजवलीय." अशोकाचा अहिंसेकडे ओढा होता हे त्यांना मान्य आहे, पण त्यांना भावतो तो मसुदा. दुसरं दैवत चालुक्यांचा सोमेश्वर. त्याच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लासा'त मत्स्यविनोद नावाचं प्रकरण आहे. त्यात समुद्रातले मासे, नदीतले मासे, खवल्यांचे, बिनखवल्यांचे, कुणाला कसलं खाद्य, गळ कसा, दोरी कशी, सगळं सांगितलंय. मराठी माणसं 'मानसोल्लास' उघडतात ती त्यातल्या जुन्या मराठी ओळींसाठी नाहीतर पाककृतींसाठी. नानांच्या प्रतीत पाककृतींची पानं अजून चिकटलेली आहेत.

आता पाण्यावरचे नाना. आमच्याकडे मासे धरायचे तर यशवंतसागर आहे, चोरल आहे, आणि खाली उतरलं की साक्षात नर्मदा. यशवंतसागर होळकरांनी गंभीर नदी अडवून बांधला. २०२२ साली तो आणि सिरपूर दोन्ही रामसर यादीत गेले, तेव्हा नानांनी पेढे वाटले होते, कारण नियम वाढणार होते. रविवारी पहाटे स्कूटरवर रॉड आडवा बांधून ते निघतात. पाण्याशी पोचले की पहिला तास पाहणीत जातो. तलाव कुठल्या सहकारी समितीला पट्ट्यावर दिलाय, पट्टा चालू आहे की संपला, समितीचा माणूस कुठे बसतो. तो माणूस बहुधा झाडाखाली झोपलेला असतो. त्याला उठवून नाना परवानगी मागतात. "बैठ जाओ ना काका," तो कूस बदलत म्हणतो. पण तोंडी परवानगी नानांना चालत नाही. ते वहीचं पान फाडून पुढे करतात. तो सही करतो. त्या सहीवर नानांना त्याचा हुद्दाही हवा असतो. इथे बहुतेक वेळा ऊन चढतं.

सोळा जून ते पंधरा ऑगस्ट हा आमच्या राज्यातला बंदीकाळ. माशांच्या विणीचे दिवस. या काळात नदीत मासा धरला, विकला, नुसता इकडून तिकडे नेला तरी एक वर्षापर्यंत कैद, किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बाकीच्या शौकिनांची दांडी या दोन महिन्यांत माळ्यावर जाते. नानांचा हंगाम तेव्हा सुरू होतो. ते रोज चोरलला जातात आणि रॉडशिवाय बसतात.

"काका, कुछ फँसा क्या?" जाणारा येणारा विचारतो.

"बंदी है, भिया."

"तो बैठे क्यों हो?"

यावर नाना उत्तर देत नाहीत. गस्त घालणाऱ्याने उत्तरं द्यायची नसतात.

बंदीतून सूट फक्त छोट्या तळ्यांना आणि ज्यांचा कुठल्याच नदीशी संबंध नाही अशा पाण्याला. ही एक ओळ नानांना दोन महिने पुरते. कॉलनीतली एकेक विहीर, मंदिराचं कुंड, मंगल कार्यालयाच्या दारातलं कारंजं, सगळ्यांचा संबंध त्यांनी तपासलाय. दाताच्या डॉक्टरांच्या वेटिंग रूममधल्या काचेच्या टाकीलाही त्यांनी मोकळीक दिली. दाढ काढून घेतल्यावर, गालात कापूस धरून, ते रिसेप्शनवरच्या मुलीला म्हणाले, "हे निर्दिष्ट जल नाही. घाबरू नका." ती आधी घाबरलेली नव्हती.

त्यांचं आमिष शाकाहारी. कणीक, थोडं बेसन, हिंग, आणि वरून जीरावन हा इंदुरी मसाला. जीरावन कशाला, तर म्हणे नर्मदेचे मासे पण माळव्याचेच ना. मात्र यात मूर्खपणा नाही. महाशीर कणकेच्या गोळीवर येतो, हे इंग्रजांच्या काळापासून ठाऊक आहे. थॉमससाहेबाच्या १८७३च्या 'द रॉड इन इंडिया'ची झेरॉक्स नाना उशाशी ठेवतात. महाशीर, ज्याला नर्मदाकाठी बाडस म्हणतात, तो २०११पासून आमचा राज्यमासा. धरणं झाली, वाहतं पाणी तुंबलं, वाळू उपसली गेली, आणि राज्यमासा व्हायच्या आधीच तो दिसेनासा व्हायला लागला होता. माशाला पद मिळालं आणि मासा गेला, यात नानांना काही विशेष वाटत नाही. कचेरीत असं पुष्कळ पाहिलंय. पण महेश्वरच्या घाटावर ते थोडे हळवे होतात. तिथे यात्रेकरू बायका माशांना कणकेच्या गोळ्या घालतात, ते पुण्य. पिठात गळ नसला की पुण्य, असला की शौक. म्हणून नाना घाटावर गळ काढून ठेवतात आणि नुसत्या गोळ्या टाकतात. मासे जीरावन खात नाहीत, हा शोध तिथलाच.

हसण्यावारी नेऊ नये असा एक प्रसंग आहे, तो सांगितलाच पाहिजे. चोरलच्या एका डोहावर तीन तरुण सुरुंगाच्या कांड्या घेऊन आले होते. कांडी पेटवून डोहात टाकली की जे काही जिवंत आहे ते पोट वर करून तरंगतं. त्यातलं निम्मं उचलायचं, बाकी कुजतं. मी नानांच्या सोबत होतो आणि माझं स्पष्ट मत पडलं की आपण निघावं. नानांनी फाइल सोडली. १८९७च्या कायद्यात चौथं कलम सुरुंगाचं आणि पाचवं विषाचं. पण नाना पहिल्या कलमापासून सुरू झाले, कारण व्याख्या आधी. कायदा कुठे लागू, केव्हापासून लागू, 'मासा' कशाला म्हणायचं, 'खाजगी पाणी' कशाला म्हणायचं. इंग्रजीतून वाचायचं, मग हिंदीतून समजवायचं. पोरं आधी हसली. मग एकाने विडी पेटवली, तर नानांनी कांड्यांकडे बोट दाखवून विझवायला लावली. तिसऱ्या कलमापाशी एकजण मोबाइल बघायला लागला. "इधर ध्यान दो, आगे परीक्षा है," नाना म्हणाले. चौथं कलम यायच्या आत ते तिघं कांड्या पिशवीत घालून उठले. जाताना एकजण दुसऱ्याला म्हणाला, "चल यार, इससे अच्छा तो थाने में बैठते." धाकाने नाही, कंटाळ्याने तो डोह वाचला. नानांची मात्र तक्रार आहे की मुद्द्यावर येईपर्यंत कुणी थांबत नाही.

लेक लंडनला दिल्यावर नानांना खरी नदी दिसली. टेम्सला भरती येते आणि ती टेडिंग्टनच्या बंधाऱ्यापर्यंत चढते. भरतीच्या पाण्यात मासे धरायचा हक्क इंग्लंडात सगळ्या जनतेचा, आणि त्याचं मूळ १२१५च्या मॅग्ना कार्टापर्यंत नेतात. तरी रॉडचा परवाना लागतोच. हक्क आहे आणि परवानाही लागतो, हे ऐकून नानांचे डोळे भरून आले. शिवाय पंधरा मार्च ते पंधरा जून तिथल्या नद्यांवर बंदी. म्हणजे ज्या सोळा जूनला चोरलला कुलूप लागतं, त्याच सोळा जूनला टेम्सचं उघडतं. एका दिवसाचा, आठ दिवसांचा, वर्षाचा असे परवाने. नानांनी आठ दिवसांचा काढला. दिवसाला वीस सेंटिमीटरपर्यंतचे पंधरा लहान मासे नेता येतात, वाम मात्र सापडली तर परत सोडायची. नानांनी तिथली शिवणाची टेप पळवली आणि पहिल्याच दिवशी नदीवर पोचले. पाऊणकी केली, भरती आली नाही. लंडनचं पाणी तिथीच्या हिशेबापेक्षा काही तास मागे चालतं. "इंग्रजांचा चंद्र लेट आहे," एवढंच ते बोलले.

तेवढ्यात परवाने तपासणारा अधिकारी आला. साऱ्या जन्मात नानांचा परवाना कुणी मागितला नव्हता. त्यांनी तो लॅमिनेट करून गळ्यात घातला होता. अधिकारी एकेकाला विचारत जवळ आला, नानांकडे बघून मान लववली आणि पुढच्या माणसाकडे गेला. कारण नाना अजून नियमांची पाटी वाचत होते. दोरी पाण्यात पडलीच नव्हती. नानांनी त्याला हाक मारून परवाना दाखवला म्हणे. जावई ही गोष्ट सांगतो तेव्हा नाना मध्येच तोडून सांगतात की अधिकाऱ्याने तो दोन्ही बाजूंनी पाहिला.

पण जिथे ते सगळ्यात जास्त रमले ते गाव चिपळूण. भाचा तिथे बँकेत होता. वाशिष्ठी ही विचित्र नदी. वर पोफळीला कोयनेचं पाणी वीज करून सोडतात ते हिच्यात येतं, आणि खालून दाभोळची भरती गोवळकोटपर्यंत चढते. म्हणजे मुंबईत दिवे लागले की वरून पाणी आणि चंद्र डोक्यावर आला की खालून. नानांच्या दृष्टीने त्याहून मोठी भानगड म्हणजे कायदा. गोड्या पाण्याचे नियम वेगळे, सागरी वेगळे. मग नदी कुठे संपते आणि खाडी कुठे सुरू होते? गोवळकोटच्या धक्क्यावर एक म्हातारा भोई पागाची भोकं शिवत बसला होता. नाना फाइल घेऊन त्याच्या शेजारी टेकले.

"बाबा, हे पाणी सागरी का आंतर्देशीय?"

"कुटलं पाणी?"

"हे समोरचं."

म्हाताऱ्याने समोर बघितलं. "सकाळी आलात तर गोडं. आता खारं."

"पण कायद्यानं एकच काहीतरी असणार ना."

"मग कायद्याला सांगा भरती बघून यायला."

नानांनी हे लिहून घेतलं. मग पुढचा प्रश्न: समुद्रातली बंदी १ जून ते ३१ जुलै, पण ती यांत्रिक होड्यांना, बिगरयांत्रिक पारंपरिक होड्यांना सूट. आपल्याकडे तर होडीच नाही, नुसता रॉड. तर आपण कुठे बसतो? म्हातारा म्हणाला, "हितंच बसा. फकस्त त्या दगडाकडं जाऊ नका." तो दगड म्हणजे मगर होती. वाशिष्ठीत मगरी आहेत, पावसात त्या कधी कधी चिपळूणच्या रस्त्यावरही येतात. नाना उठून सहा पावलं मागे गेले आणि तिथून ओरडून विचारलं, की मगर ही संरक्षित प्रजाती असल्यामुळे तिच्यापासून किती अंतर राखावं असा काही आदेश आहे का. म्हातारा म्हणाला, "तिला म्हायताय."

संध्याकाळपर्यंत म्हाताऱ्याने टोपलीभर बोय आणि दोन काळुंदरं काढली. गरीला कोळंबी लावून त्याने नानांनाही एक दोरी धरायला दिली. दोरी ओढली गेली. नानांच्या हाताला खरा, जिवंत, चांगला दोन वितींचा मासा लागला; भाचा शपथेवर सांगतो, तांबोशी होती. नाना ओरडले, "थांबा, हा गोड्या पाण्यातला मानायचा का खाऱ्या?" आणि दोरी ढिली सोडून दुसऱ्या हाताने फाइल चाचपायला लागले. तांबोशी कोणासाठी थांबत नाही. म्हाताऱ्याने दोरी परत घेतली आणि गुंडाळून ठेवली. नाना भाच्याकडे परतले तेव्हा आनंदात होते; प्रश्न अजून सुटलेला नव्हता.

आमच्याकडे अशी माणसं सगळीकडे असतात. ट्रेकला निघायच्या आधी दोरीच्या गाठी शिकणारे, लग्नात मानपानाची यादी पाठ असणारे. जग त्यांना कंटाळतं आणि त्यांच्याच भरवशावर चालतं, असं काही मी म्हणणार नाही. नाना नसते तरी चोरल वाहिली असती. पण परवा पावसात जे झालं ते ऐका.

रामबागेतला कोपऱ्यावरचा रिकामा प्लॉट जुलैत भरतो. पाणी जास्त झालं की गटारात सांडतं. कॉलनीतली दोन पोरं जुनी ओढणी ताणून त्यात काहीतरी धरत होती. फ्रीजमधला डबा अर्धा भरला होता. नाना छत्री घेऊन जात होते ते थबकले.

"काय चाललंय?"

"मासे धरतोय, नाना."

"तारीख काय आज?"

तारीख बंदीतली होती. "पण नाना, हा तर प्लॉट आहे," थोरला म्हणाला. त्याला नियम माहीत होता. नानांच्या शेजारी राहून मुलांना दुसरं काय कळणार. "नदीशी संबंध नसलेलं छोटं पाणी."

नाना प्लॉटच्या कडेला उभे राहिले. चेहरा असा झाला, जसा मोठ्या गवयाला तानपुरा लागल्यावर होतो. "हे पाणी कुठे सांडतं?"

"गटारात."

"गटार?"

"नाल्यात."

"नाला नाही म्हणायचं. कान्ह नदी. शहराला वॉटर प्लसचा दाखला आहे २०२१पासून. कान्ह कुठे जाते?"

धाकट्याला भूगोल येत होता. "क्षिप्रेत. उज्जैनला."

"क्षिप्रा?"

"चंबळेत."

"चंबळ?"

"यमुनेत. यमुना गंगेत."

"आणि गंगा बंगालच्या उपसागरात," नाना म्हणाले, "जिथे भरती येते. नळाला येतं ते पाणी जलूदहून उचललेलं, नर्मदेचं. ते पश्चिमेच्या समुद्राला जायचं होतं. आपण ते पितो आणि सांडपाणी पूर्वेच्या समुद्राला देतो. म्हणजे बाळांनो, तुम्ही ज्या पाण्यात उभे आहात ते भरतीच्या नदीचं वरचं टोक आहे. संबंध सिद्ध. सोडून द्या."

काकू दारातून ओरडत होत्या, पोहे गार झाले, भिजाल, आत या. नानांना ऐकू आलं नाही. पोरं एकमेकांकडे बघत होती. शेवटी थोरल्याने डबा वर उचलून त्यांच्या नाकासमोर धरला.

"नाना, हे मासे नाहीयेत. बेडकाची पिल्लं आहेत."

नानांनी चष्मा पुसला. डब्यात शेपट्यांचे काळे ठिपके वळवळत होते. १८९७च्या कायद्यात माशाच्या व्याख्येत कवचाचे प्राणीही धरलेत, शिंपल्या, खेकडे. तेव्हा व्याख्या रुंद आहे हे नक्की. पण बेडूक? त्यातून अर्धवट, पाण्यातच श्वास घेणारा, कल्ल्यांचा बेडूक?

"थांबा," नाना म्हणाले, "फाइल आणतो. तोवर ना सोडायचं, ना न्यायचं."

"लवकर या हां नाना," धाकटा म्हणाला. "मागच्या वेळी तुम्ही बघेपर्यंत त्यांना पाय फुटले होते."